ल मॉर्न : एक डोंगर, एक हिशेब

मॉरिशसला जाणे माझ्या बेतात नव्हते. माझा धाकटा भाऊ सांगलीत रंग व हार्डवेअरचे दुकान चालवतो. वर्षाचे उद्दिष्ट पूर्ण करणाऱ्या विक्रेत्यांना एका कंपनीने सपत्नीक मॉरिशसची सहल देऊ केली. परंतु भावजयीच्या गुडघ्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असल्याने तिच्या जागी माझे नाव गेले. अशा सहलींचा क्रम आपल्यापैकी अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. पहिल्या दिवशी स्वागत, दुसऱ्या दिवशी बोटीची फेरी, तिसऱ्या दिवशी बाजार, शेवटच्या रात्री बक्षीस समारंभ. आणि मध्ये कोठेतरी एक ‘मोकळा’ दिवस. आमच्या वेळापत्रकात तो अगदी शेवटी, समारंभाच्याच दिवशी आला होता. तो दिवस आम्ही दोघा भावांनी कसा घालवला, त्याची ही हकिकत आहे.

आमचे हॉटेल बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला होते. गॅलरीत उभे राहिले की समोर समुद्र, आणि मान वळवली की डोंगर. त्या डोंगराचे नाव ल मॉर्न ब्राबाँ. फ्रेंच वसाहतींत एकट्या उभ्या टेकडीस ‘मॉर्न’ म्हणत. समुद्रात घुसलेल्या एका छोट्या द्वीपकल्पावर हा काळा कातळ एकटाच उभा आहे. त्याची उंची ५५६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईचा जेमतेम तिसरा हिस्सा. आकडा ऐकून भाऊ म्हणाला, “एवढाच?” परंतु कळसूबाई आधीच उंच झालेल्या मुलखावर उभी आहे, हा मात्र लाटांच्या पातळीवरून थेट वर उठतो. कडे बहुतेक सर्व बाजूंनी सरळ तुटलेले, माथा रुंद आणि सपाटसर. आपल्याकडील दुर्ग पाहिलेल्या डोळ्यांना तो ओळखीचा वाटतो, आणि ही ओळख केवळ दिसण्याची नाही. भूगर्भातून तप्त रस वर येण्याचे जे ठिकाण हिंदी महासागराखाली आहे, त्यानेच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा बेसाल्ट ओतला असे भूशास्त्रज्ञ मानतात. पुढे भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत गेला, आणि त्याच ठिकाणाने मागे मालदीव, मॉरिशस व रियुनियन या बेटांची रांग उभी केली. शेजारच्या रियुनियनमध्ये तो ज्वालामुखी आजही जागा आहे. सह्याद्री आणि ल मॉर्न यांचे गोत्र असे एकच निघते.

सहलीतील बाकीच्या मंडळींनी हेलिकॉप्टरची फेरी ठरवली होती. या डोंगरालगतच्या समुद्रात पाण्याखाली धबधबा कोसळत असल्याचे दृश्य आकाशातून दिसते, त्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. तो खरा धबधबा नव्हे. प्रवाळभिंतीच्या उताराबरोबर वाळू व गाळ खोल पाण्यात घसरत जातो, त्याचा तो भास. भावाने फेरीचे भाडे विचारले, रुपयांत रूपांतर केले, आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, “अण्णा, आपण चालत जाऊ.”

आम्हाला पायथ्याशी सोडणारे टॅक्सीचालक साठीच्या आसपासचे गृहस्थ होते. आम्ही आपसात मराठी बोलतो आहोत हे लक्षात येताच त्यांनी आरशातून पाहिले आणि हिंदीत म्हणाले, “आमचे पणजोबा रत्नागिरीचे.” त्यांना मराठी समजत होते, बोलता फारसे येत नव्हते, घरात क्रिओल भाषा चालते. परंतु गणपतीची आरती त्यांनी एक शब्द न चुकता म्हणून दाखवली. गणेश चतुर्थी तेथे सार्वजनिक सुटी आहे. शाळेत ज्यांना हवी त्यांना मराठी शिकता येते, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे उच्च शिक्षण मिळते. कोकणातील जाखडी नाच तेथे ‘झाकरी’ या नावाने टिकून आहे. पोटापाण्यासाठी माणसे किती दूर गेली आणि काय काय बरोबर घेऊन गेली, याचा विचार करीत आम्ही फाटकाशी उतरलो. सहा-साडेसहाची वेळ होती. उशिरा येणाऱ्यास वर सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नऊनंतर तो काळा दगड तापू लागतो.

वाटाड्या तरुण होता, त्याच गावचा, क्रिओल. चौकीवर नावे लिहून झाली. माझे वय वहीत लिहिताना त्याने एकदा माझ्या बुटांकडे पाहिले. बूट चांगले होते. शंका मनुष्याबद्दल असावी.

वाटेचे दोन भाग आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे वाटावे इतके ते वेगळे आहेत. पहिला भाग रुंद, चढ सोसवेल असा. दोन्ही बाजूंना झाडी. मध्ये एका वळणावर झाडी संपते आणि खाली प्रवाळभिंतीच्या आतला उथळ समुद्र एकदम दिसतो. बँकेत असताना वेगवेगळ्या शाईंनी नोंदी करण्याची पद्धत होती. त्या सर्व निळ्या-हिरव्या शाया एकाच कागदावर सांडाव्यात तसे ते पाणी. या टप्प्यापर्यंत लहान मुले आणि आजीबाईही येतात. तेथे एक पाटी आहे, आणि पाटीनंतर दुसरा भाग सुरू होतो. तेथून पुढे चालणे संपते व चढणे सुरू होते. हात, गुडघे, कोपरे, सर्वांना काम. काही ठिकाणी दोराचा आधार घ्यावा लागतो. गिरनारच्या हजारो पायऱ्या चढून आल्याचा मला थोडा अभिमान होता. पण पायरी ही आपल्या आधी कोणीतरी केलेली सोय असते, हे तेथे पहिल्यांदा कळले. भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, परंतु दिवसभर गल्ल्यावर बसणारा. दोन ठिकाणी तो थांबला आणि मला म्हणाला, “तुम्ही व्हा पुढे.” मी पुढे झालो नाही. खरे सांगायचे तर मलाही थांबायचेच होते.

वाटेत वाटाड्याने कातळाच्या खाचेतील एक झुडूप दाखवले. त्याला घंटेसारखी, लाल-केशरी, खाली झुकलेली फुले येतात. हे मॉरिशसचे राष्ट्रीय फूल. १९९२ साली तसे जाहीर झाले. फ्रेंचमध्ये त्याला ‘कानातले डूल’ अशा अर्थाचे नाव आहे. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव ट्रोकेशिया बुतोनियाना. निसर्गतः ते जगात फक्त या एका डोंगरावर उगवते. त्याचा मध पाण्यासारखा नितळ नसतो, रंगीत असतो; फुलांच्या जगात ही फार दुर्मीळ गोष्ट. आम्ही गेलो तेव्हा झुडपावर दोनच फुले होती. भावाने त्यांचे छायाचित्र घेतले व तत्काळ घरी पाठवले. घरून उलट विचारणा आली की वर किती वेळ लागणार आणि खाल्ले का. मग एका दगडावर बसून दशमी व शेंगदाण्याची चटणी खाल्ली. वाटाड्यालाही दिली. चटणी तिखट लागली असावी, पण त्याने दुसरी दशमी मागितली.

साधारण ५०० मीटरच्या आसपास, एका खडकाळ कंगोऱ्यावर लोखंडी क्रूस उभा आहे. सर्वसामान्य वाट येथे संपते. खरा माथा अजून पुढे आहे, परंतु मध्ये इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खोल खाच पडलेली आहे. पलीकडे रुंद पठार, झाडी आणि काही गुहा. खाच ओलांडायला आज परवानगी नाही. जुने लोक सांगतात की एके काळी या खाचेवर लाकडाचे ओंडके टाकून माणसे पलीकडे जात आणि ओंडके आत ओढून घेत. ती माणसे गिर्यारोहक नव्हती.

युनेस्कोने २००८ साली ल मॉर्नला जागतिक वारशाच्या यादीत घातले ते देखाव्यासाठी नव्हे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी, मालकांच्या तावडीतून पळालेले गुलाम या डोंगरावर लपून राहत. अशा पळालेल्यांना तेथे ‘मरून’ म्हणत. डच लोक १५९८ साली बेटावर उतरले आणि पुढे गुलामही घेऊन आले. १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. १७१५ पासून फ्रेंचांची सत्ता सुरू झाली आणि गुलामांचा व्यापार वाढतच गेला. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावरील दर दहा माणसांपैकी आठ गुलाम होती. मादागास्कर, पूर्व आफ्रिका, आग्नेय आशिया येथून ती आणलेली होती, आणि हिंदुस्थानातूनही. ही शेवटची गोष्ट मला ठाऊक नव्हती. मळ्यांतील करारबद्ध मजुरांची कथा आपण ऐकून असतो. त्याआधी शंभर वर्षे आपल्या किनाऱ्यांवरून माणसे विकत नेली जात होती, हे मला त्या डोंगरावर कळले.

पळून जाण्याची शिक्षा कायद्यात लिहिलेली होती. १७२३ सालच्या फ्रेंच फर्मानानुसार महिनाभर बेपत्ता राहिलेल्या गुलामाचे कान कापून खांद्यावर डाग देत, दुसऱ्यांदा पळाल्यास पायाची शीर तोडत, तिसऱ्यांदा देहान्त. हे तपशील कुटुंबाच्या मासिकात लिहावेत की नाही याचा मी विचार केला. परंतु ते ठाऊक नसतील तर ओंडके आत ओढून घेणारी माणसे त्या उघड्या कातळावर का राहत होती, याचा अंदाज येत नाही. वर पाणी थोडे, धान्य नाही. पलीकडच्या गुहांमध्ये माणसांच्या वस्तीच्या खुणा संशोधकांना मिळाल्या आहेत. पायथ्याशी एक जुनी दफनभूमी आहे. तेथील उत्खननात माणसांच्या अस्थींबरोबर मातीच्या चिलमी, बाटल्या आणि नाणी निघाली. त्या नाण्यांचा विचार माझ्या मनातून बराच वेळ गेला नाही. ज्यांची स्वतःची किंमत दुसऱ्याच्या वहीत लिहिलेली असे, त्यांच्यापैकी कोणाबरोबर तरी मागे राहिलेल्यांनी चार पैसे ठेवले होते.

क्रुसाजवळ बसून वाटाड्याने ती कथा सांगितली. तेथे ती लहान मुलालाही पाठ असते. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. ती बातमी सांगण्यासाठी शिपायांची एक तुकडी डोंगराकडे आली. वरच्या माणसांना वाटले, आपल्याला पकडायला आले. परत बेडीत जाण्यापेक्षा त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. या घटनेची कागदोपत्री नोंद नाही. ती तोंडी परंपरेने आली आहे, गाण्यांतून, आजीच्या गोष्टींतून. परंतु १ फेब्रुवारीला सारा देश सुटी पाळतो, आणि लोक या डोंगराच्या पायथ्याशी जमतात. २००९ साली त्याच तारखेला तेथे गुलामांच्या जलमार्गाचे आंतरराष्ट्रीय स्मारक उभे राहिले.

आम्ही दोघे गप्प होतो. काही वेळाने भावाने प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न दुकानदाराचाच होता. “मालकांनी हे मुकाट्याने सोसले? त्यांचा तर माल गेला.”

मी इंग्रजीत भाषांतर केले. करताना ‘माल’ या शब्दाशी अडखळलो. वाटाड्या हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, “त्यांना पैसे मिळाले.”

“आणि यांना?”

त्याने खांदे उडवले.

घरी परतल्यावर मी हा हिशेब धुंडाळला. चाळीस वर्षे जमा-नावे लिहिण्यात गेलेल्या माणसाला एक बाजू कळली की दुसरी बाजू पाहिल्याशिवाय झोप येत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने त्या काळच्या भरपाईच्या नोंदी सर्वांना पाहता येतील अशा मांडून ठेवल्या आहेत. ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा मालकांना भरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर केले. त्या काळच्या ब्रिटिश सरकारच्या वर्षभराच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के ही रक्कम होते. तिजोरीत एवढे पैसे नव्हते. १८३५ मध्ये नेथन रोथशिल्ड आणि मोझेस माँटेफिओरी यांच्या पुढाकाराने दीड कोटी पौंडांचे कर्ज उभारले गेले. ते सरकारी कर्जरोखे पुढे नव्या रोख्यांत बदलत बदलत गेले आणि अखेरची परतफेड २०१५ साली झाली. वाचकांनी हा आकडा पुन्हा पाहावा. छपाईची चूक नाही. १८३५ चे कर्ज २०१५ मध्ये फिटले. कर भरणाऱ्यांत त्या गुलामांचे पणतू-खापरपणतू, जे पुढे ब्रिटनमध्ये स्थायिक झाले, तेही होते.

मॉरिशसच्या वाट्याला २१ लाख पौंडांहून काही अधिक आले. मुक्त झालेली माणसे सुमारे ६६ हजार. भागाकार मी कागदावर केला : माणशी ३१-३२ पौंड. सरसकट दर अर्थातच नव्हता. कुशल कारागिराचा दर वेगळा, शेतात राबणाऱ्याचा वेगळा, लहान मुलाचा वेगळा. म्हाताऱ्याचा सर्वांत कमी. सरकारी नोंदवही १८१५ पासून ठेवली जात होतीच. शिवाय गुलाम गहाण ठेवता येत असत. त्यामुळे भरपाई जाहीर होताच सावकारांनीही आपले दावे पुढे केले, आणि बरीच रक्कम मालकाच्या हाती न पडता धनकोच्या खात्यात गेली. कर्ज, तारण, दावा, वसुली, सर्व रीतसर. मी त्या नोंदी वाचत गेलो आणि मला एकही शब्द अनोळखी वाटला नाही, याचे मला वाईट वाटले. ज्यांचे श्रम आणि ज्यांची देहविक्री या सर्व रकमांच्या मुळाशी होती त्यांच्या नावे जमेला काही नव्हते. शून्यही नव्हते, त्यांचे खातेच नव्हते.

इतकेच नव्हे. १ फेब्रुवारी १८३५ नंतर मुक्त माणसांना ‘उमेदवार’ म्हणून जुन्याच मालकाकडे काम करणे बंधनकारक होते, आठवड्याला ४५ तासांपर्यंत, विनावेतन. ही उमेदवारी मॉरिशसमध्ये ३१ मार्च १८३९ ला संपली. म्हणजे कड्याखाली उभ्या शिपायांच्या खिशातील तो कागद वरच्यांना वाचता आला असता, तरी त्यात दुसऱ्या दिवशी कोठेही जाण्याची मोकळीक लिहिलेली नव्हती. वाटाड्याने कथा ‘गैरसमज’ म्हणून सांगितली होती. शिपाई कोणाचे ऐकतात हे वरच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यांचा समज कितपत चुकीचा होता, असे मला त्या कायद्याची कलमे पाहिल्यापासून वाटू लागले आहे.

आता आपल्या बाजूचे पान. १८२५ साली ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली आणि बेटावर ऊसच ऊस झाला. ऊस आला म्हणजे हात हवेत. मळेवाल्यांनी गुलामगिरी बंद होण्याची वाट पाहिली नाही. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ नावाचे जहाज ३६ हिंदी मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. जुने खाते बंद होण्याच्या तीन महिने आधीच नवे उघडले होते. त्यानंतर १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून आली. बहुसंख्य कलकत्त्याहून, काही मद्रासहून, काही मुंबईहून. मुंबईहून आलेल्यांत कोकणची मराठी माणसे होती. करार पाच वर्षांचा, पगार महिना ५ रुपये, वर शिधा. एक दिवस गैरहजेरी झाली तर दोन दिवसांचा पगार कापत. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरली तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारसा आहे. एवढ्याशा बेटावर दोनच वारसास्थळे. एक गुलामांचे, एक मजुरांचे. गिरमिटियांची तुलना गुलामांशी करू नये, ती न्याय्य होणार नाही. करार संपल्यावर त्यांना जमिनीचा तुकडा घेता आला, मुलांना शाळेत घालता आले. पण राबण्याची शेते तीच होती.

येथे एक गोष्ट नमूद करतो, ती डोंगराची नाही. नोकरीच्या मधल्या वर्षांत मी साखर कारखान्याजवळच्या एका शाखेत होतो. ऊसतोडणी-वाहतुकीच्या करारांना आम्ही कर्ज देत असू. मुकादमाच्या नावे रक्कम मंजूर होई. सोबत कोयत्यांची यादी जोडलेली असे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अंगठे उठवलेले असत. उचल मुकादम वाटे, आणि ती फिटेपर्यंत ती जोडी त्याची. एका हंगामात एक बाई काउंटरवर आली आणि म्हणाली, “साहेब, आमच्या नावावर किती हाय तेवढं सांगा.” मी वही पाहिली. तिच्या नावावर काहीच नव्हते. खाते मुकादमाचे होते. मी तिला तसे सांगितले, आणि ते खरेच होते. ती थोडा वेळ उभी राहिली व गेली. नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. ल मॉर्नच्या नोंदी वाचताना ती बाई मला आठवली, इतकेच.

कारभाराच्या या गोष्टी सांगताना डोंगर मागे राहिला. क्रुसापासून दिसते ते सांगायला हवे. पश्चिमेला प्रवाळभिंतीवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. तिच्या आत फिकट हिरवे पाणी, बाहेर गडद निळे. उत्तरेला बेनितिए नावाचे सपाट बेट. आतल्या बाजूस रिव्हिएर न्वार अर्थात काळ्या नदीच्या डोंगररांगा, त्यांत ८२८ मीटरचे देशातील सर्वोच्च शिखर. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी जरूर जावे, मात्र मे ते नोव्हेंबर या कोरड्या महिन्यांत, भल्या पहाटे, तळ घट्ट असलेले बूट घालून आणि माणशी दोन लिटर पाणी घेऊन. पाऊस पडून गेला असेल तर दुसऱ्या भागात पाऊल टाकू नये. ओला बेसाल्ट कोणाची ओळख ठेवत नाही. वाटाड्या नसला तरी वाट सापडते, पण वाटाड्या घ्यावा. तो त्याच गावचा असेल तर उत्तम. ज्यांना शेवटचा चढ झेपणार नाही त्यांनी पाटीपर्यंत जाऊन बसावे; समुद्र तेथूनही पूर्ण दिसतो.

उतरणे चढण्यापेक्षा कठीण गेले. चढताना नजर कातळावर असते, उतरताना ती दरीत जाते. भाऊ बसून, सरकत, पँटचा त्याग करून उतरला. वाटाड्या त्याच्या पुढे उलट तोंडाने उतरत त्याचे पाऊल हाताने धरून खाचेत ठेवत होता. फाटकाशी आलो तेव्हा अकरा वाजत आले होते.

चालक झाडाखाली थांबले होते. ते स्वतः कधी वर गेलेले नाहीत. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, लहानपणी आई जाऊ देत नसे. तो त्यांचा डोंगर, आपण का तुडवायचा, असे म्हणे. मोठेपणी सवड झाली नाही. परंतु १ फेब्रुवारीला ते पायथ्याशी जातात, आणि २ नोव्हेंबरला घाटावर. दोन्ही दिवस टॅक्सी बंद. परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. भावाने टनाला भाव काय मिळतो ते विचारले. चालकांना तो माहीत होता, कारण त्यांच्या चुलत भावाची थोडी शेती आहे. आकडा ऐकून भावाने मान हलवली आणि सांगलीचा भाव सांगितला. मग बराच वेळ दोघे साखरेवरच बोलत राहिले, एक मराठीत, एक हिंदीत. पैसे देताना मी नोट निरखून पाहिली. तेथील चलनही रुपयाच. नोटेवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि नागरी अक्षरे असतात. जुनी सवय म्हणून उजेडात धरली.

त्या रात्री हॉटेलच्या मोठ्या दालनात बक्षीस समारंभ झाला. भावाचे पाय इतके आखडले होते की तो खोलीतच बाम चोळत पडून राहिला. त्याच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा मी व्यासपीठावर गेलो. शाल, स्मृतिचिन्ह आणि एक पाकीट मिळाले. खाली येताच कंपनीच्या मुलाने पावतीपुस्तक पुढे केले. मी भावाचे नाव लिहिले, खाली ‘करिता’ असे लिहून सही केली, आणि पाकीट त्याला नेऊन दिले.